प्रश्नांचा कागद घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो, त्याचा हा अनुभव

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज वेळ काढून बसलेय. हा रिव्ह्यू एका न्यूरॉलॉजिस्ट मॅडमच्या ओपीडीचा आहे. मॅडमचं नाव देत नाही कारण त्यांना विचारलेलं नाही, पण त्यांनी आमच्या प्रश्नांना जी उत्तरं दिली ती इतकी कामाची आहेत की ती माझ्यापुरती ठेवणं मला पटत नाही. मेंदू आणि नसांच्या तक्रारींबद्दल आपण सगळे खूप घाबरलेले असतो, हाताला मुंग्या आल्या की पॅरालिसिस, डोकं दुखलं की गाठ, असंच डोक्यात येतं, आणि विचारायला गेलं की बहुतेक ठिकाणी उत्तर द्यायला कोणाला वेळ नसतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. गेल्या वर्षापासून माझा उजवा हात रात्री बधिर व्हायचा, झोपेतून जाग यायची इतका. तेव्हा एका दुसऱ्या ठिकाणी गेले होते. तिथल्या डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं काय होतंय, मी म्हटलं हाताला मुंग्या येतात, आणि माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आत मेंदूचा आणि मानेचा एमआरआय लिहून झाला होता. रिपोर्ट नॉर्मल आला. "काही नाहीये, टेन्शन घेऊ नका" म्हणून पाठवलं. हात मात्र रोज रात्री तसाच बधिर. नॉर्मल रिपोर्ट हातात धरून मी घरी जास्त घाबरून आले, कारण मशीनमध्येही दिसत नाही म्हणजे काहीतरी भलतंच असणार असं वाटायला लागलं.

म्हणून या वेळी जाताना मी घरातल्या सगळ्यांचे प्रश्न एका कागदावर लिहून घेतले, कागद दोन्ही बाजूंनी भरला. सोबत आई होती, तिचीही अपॉइंटमेंट होती, तिला चक्कर येत होती. वेटिंग भयंकर. दिलेल्या वेळेनंतर जवळजवळ दोन तास बसलो आणि आईसारख्या माणसाला, जिला बसल्या बसल्या गरगरतं, तिथे दोन तास बसवणं चुकीचंच आहे, रिसेप्शनवर सांगूनही काही फरक पडला नाही. पण आत गेल्यावर कळलं उशीर का होतो ते. मॅडम माणसाचं बोलणं पूर्ण ऐकतात.

माझ्यापासून सुरू झालं. पहिला प्रश्न, जाग आल्यावर तुम्ही काय करता? मी म्हटलं हात झटकते, पलंगाच्या बाजूला खाली सोडून जोरात झटकते मग बरं वाटतं. त्या लगेच म्हणाल्या, "हे झटकणं फार महत्त्वाचं आहे, कोणी सांगितलं नसतं तर मी विचारणारच होते." मग मला पेन दिलं आणि म्हणाल्या माझ्या हातावर नको तुमच्या हातावर काढा, नेमकं कुठे बधिर होतं. मी अंगठा, त्याच्या शेजारचं बोट, मधलं बोट असं रंगवलं, करंगळीला काहीच होत नाही म्हटलं. अनामिकेचं विचारलं तर मी विचारात पडले, मग लक्षात आलं की तिचा मधल्या बोटाकडचा अर्धा भागच बधिर होतो, करंगळीकडचा नाही. एक वर्ष हे रोज रात्री होत होतं आणि ही गोष्ट माझ्या स्वतःच्या लक्षात आली नव्हती! मॅडम म्हणाल्या साडेतीन बोटं, हा एका नसेचा पत्ता आहे. मीडियन नर्व्ह. मेंदूत काही बिघडलं तर ते साडेतीन बोटं मोजून बिघडत नाही.

मग त्यांनी मनगटावर आतल्या बाजूने बोटाने टकटक केलं, बोटात करंट गेल्यासारखं झालं. नंतर दोन्ही हातांचे पंजे उलटे एकमेकांना टेकवून मनगटं वाकवून मिनिटभर धरायला लावलं, अर्ध्या मिनिटातच उजव्या हाताला तीच रात्रीची मुंगी सुरू झाली. मला तिथेच रडू आलं खरं सांगते, कारण वर्षभरात पहिल्यांदा माझा त्रास कोणीतरी समोर बसून घडवून दाखवला होता. त्याला कार्पल टनेल म्हणतात. मनगटात हाडांचा आणि एका जाड पट्ट्याचा मिळून एक बोगदा असतो, त्यातून बोटं वाकवणाऱ्या 9 दोऱ्या आणि ही एक नस जाते. जागा मुळातच कमी. झोपेत मनगट मुडपलं की बोगद्यातलं प्रेशर वाढतं म्हणून रात्री त्रास. थायरॉइड कमी असेल, शुगर असेल, प्रेग्नन्सी असेल तर जास्त होतं, म्हणून त्या दोन रक्ततपासण्या आणि एनसीव्ही, म्हणजे नसेतून सिग्नल किती वेगाने जातो ती तपासणी, लिहून दिली. अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा असतो तो दोन्ही हातांचा शेजारी शेजारी ठेवून पाहिला, तो सपाट व्हायला लागला तर ऑपरेशनचा विचार लवकर करायचा म्हणाल्या. माझा ठीक होता.

आणि हो, करंगळी आणि अनामिकेचा तिच्या बाजूचा अर्धा भाग बधिर होत असेल तर ती वेगळी नस, ती बहुतेक वेळा कोपरात दबते. फोन कानाला लावून कोपर तासन्‌तास मुडपून बसणं, टेबलाच्या कडेवर कोपर टेकवणं, यानं. माझ्या बहिणीला नेमकं हेच होतं, तिला घरी येऊन सांगितलं.

इथे आईने मध्येच विचारलं, "म्हणजे हिची नस ब्लॉक झालीय का?" मला वाटलं मॅडम वैतागतील, पण त्या म्हणाल्या हा प्रश्न रोज येतो. आपण मराठीत नस म्हणतो ती दोन वेगळ्या गोष्टींना म्हणतो, एक रक्त वाहून नेणारी आणि दुसरी संदेश नेणारी, म्हणजे मज्जातंतू. हृदयाची नस ब्लॉक झाली म्हणतो ती रक्तवाहिनी. मनगटात दबते ती मज्जातंतू, ती वायरसारखी असते, तिच्यात काही तुंबत नाही, तिच्यावर दाब पडतो. मला विचाराल तर हे एकच वाक्य प्रत्येक वेटिंग रूममध्ये मोठ्या अक्षरात लावायला हवं, कारण "नस ब्लॉक" ऐकून लोक रक्त पातळ करायच्या गोळ्यांच्या मागे लागतात.

मग माझा मोठा प्रश्न, जो कागदावर मी सगळ्यात वर लिहिला होता. मुंग्या म्हणजे पॅरालिसिसची सुरुवात का? यावर त्यांनी खुर्ची पुढे ओढून घेतली. म्हणाल्या स्ट्रोक, म्हणजे आपण पॅरालिसिसचा झटका म्हणतो तो, ओळखायचा तर एक गोष्ट लक्षात ठेवा, तो अचानक येतो. नऊ वाजता माणूस ठीक होता आणि नऊ वाजून एक मिनिटाला ठीक नाही, असा. आणि बहुतेक वेळा काहीतरी कमी होतं. ताकद जाते, बोलणं जातं, एका बाजूचं दिसायचं बंद होतं. महिनोन्‌महिने रात्री येणाऱ्या आणि झटकल्यावर जाणाऱ्या मुंग्या त्यात बसत नाहीत. पण अचानक तोल गेला, नजर गेली किंवा एकाचे दोन दिसायला लागले, चेहरा एका बाजूला वाकडा झाला, एक हात वर धरल्यावर खाली यायला लागला, जीभ जड झाली किंवा शब्दच सापडेनासे झाले, तर घरी पाणी पाजत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल, आणि तेही जिथे सीटी स्कॅन चोवीस तास होतो असं.

वेळेचं त्यांनी जे समजावलं ते मी तिथेच कागदाच्या कोपऱ्यात लिहून घेतलं. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते साडेचार तास मोजायचे कधीपासून तर माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला होता तेव्हापासून. म्हणजे कोणी सकाळी सहाला उठल्यावर बोलता येत नाहीये आणि रात्री अकराला गप्पा मारून झोपला होता, तर घड्याळ अकरापासून चालू. काही निवडक पेशंटमध्ये मांडीच्या किंवा मनगटाच्या रक्तवाहिनीतून नळी घालून मोठी गुठळी ओढून काढतात, ते काही जणांना 24 तासांपर्यंतही करता येतं, त्यामुळे उशीर झाला म्हणून घरी बसायचं नाही. मोठ्या स्ट्रोकमध्ये दर मिनिटाला साधारण 19 लाख पेशी मरतात असा हिशोब आहे म्हणे. हे ऐकून मी आणि आई दोघी गप्प झालो.

मी विचारलं की घरात ॲस्पिरिन असते, ती लगेच द्यायची का? ठाम नाही. स्ट्रोक गुठळीनेही होतो आणि मेंदूत रक्त सांडूनही होतो, बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, सीटी केल्याशिवाय कोणाला कळत नाही. रक्तस्रावात ॲस्पिरिन दिली तर उलटा धोका. शिवाय तेव्हा गिळायलाही नीट येत नसतं, गोळी किंवा पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. म्हणून तोंडावाटे काहीच नाही.

दहा मिनिटांत सगळं आपोआप ठीक झालं तर? हा माझा पुढचा प्रश्न, कारण सासऱ्यांना दोन वर्षांपूर्वी असं झालं होतं, थोडा वेळ बोलणं अडखळलं आणि मग ठीक झालं, आम्ही दमले असतील म्हणून सोडून दिलं होतं. मॅडमचा चेहरा एकदम गंभीर झाला. त्याला टीआयए म्हणतात, आणि ते ठीक झालं म्हणून विषय संपत नाही, पुढच्या पहिल्या दोन दिवसांतच खऱ्या स्ट्रोकचा धोका सगळ्यात जास्त असतो. त्याच दिवशी दाखवायला हवं होतं. सासरे आज ठीक आहेत हे आमचं नशीब. त्यांचं बीपी, शुगर, मानेतल्या रक्तवाहिन्या, हृदयाचे ठोके अनियमित पडतात का, हे सगळं आता तपासून घ्या म्हणाल्या आणि आम्ही त्याच आठवड्यात घेतलं.

चेहरा वाकडा होण्यावर अजून एक बारीक गोष्ट सांगितली. स्ट्रोकमध्ये सहसा चेहऱ्याचा खालचा भाग ओघळतो पण कपाळाला आठ्या घालता येतात, कारण कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून वायरी येतात. बेल्स पाल्सीमध्ये, म्हणजे चेहऱ्याच्या नसेलाच सूज येते तेव्हा, त्या बाजूचं कपाळही हलत नाही आणि डोळाही नीट मिटत नाही. पण लगेच पुढे म्हणाल्या हे माहिती म्हणून ठेवा, घरी आठ्या तपासून निर्णय घेऊ नका, चेहरा अचानक वाकडा झाला की दवाखान्यात यायचंच, कारण बेल्स पाल्सीमध्येही स्टिरॉइड पहिल्या 72 तासांत सुरू केलं तर चांगला फायदा होतो. उत्तर द्यायचं पण माणसाच्या हातात अर्धवट हत्यार द्यायचं नाही, ही त्यांची पद्धत मला फार आवडली.

मग आईची पाळी. आई म्हणाली चक्कर येते. मॅडम म्हणाल्या, "आजी, चक्कर हा शब्द बाजूला ठेवा, काय होतं ते सांगा." खोली फिरते का? चालताना तोल जातो का? उभं राहिल्यावर डोळ्यापुढे अंधारी येते का? की नुसतं डोकं हलकं वाटतं? आपण या सगळ्याला चक्करच म्हणतो नं, आणि चारींची कारणं वेगळी. आईचं असं निघालं की पलंगावर कूस बदलली की छत फिरायला लागतं, मिनिटभरही टिकत नाही, पण तेवढ्यात उलटी येईल असं होतं. वर कपाटात बघायला मान वर केली की पुन्हा तेच. आई सहा महिने मानेचा पट्टा लावून फिरत होती कारण कोणीतरी मणक्याचं आहे म्हणून सांगितलं होतं.

मॅडमनी तिला टेबलावर बसवलं, मान एका बाजूला वळवली, आणि धरून पटकन मागे आडवं केलं, डोकं टेबलाच्या कडेच्या किंचित खाली. आई जोरात ओरडली आणि तिने माझा हात पकडला. मॅडम म्हणाल्या डोळे उघडे ठेवा आजी, आणि मला म्हणाल्या इकडे या, डोळे बघा. आईची बुबुळं गोल फिरल्यासारखी झटके देत होती! साधारण पंधरा-वीस सेकंद, मग आपोआप थांबली. मी माझ्या आईचे डोळे असे कधीच पाहिले नव्हते, भीती वाटली, पण मॅडम शांतपणे समजावत होत्या की कानाच्या आत तोल सांभाळायचा अवयव असतो, त्यात कॅल्शियमचे बारीक कण असतात, ते जागा सोडून अर्धगोल नळीत गेले की डोकं हलल्यावर खोली फिरते. बीपीपीव्ही. मान, मणका, बीपी कशाचा संबंध नाही. तिथल्या तिथे त्यांनी आईचं डोकं चार टप्प्यांत वळवलं, प्रत्येक टप्प्यावर अर्धा मिनिट थांबवून, शेवटी बसवलं. त्याला एपली म्हणतात, एपली नावाच्या डॉक्टरांनी शोधलेली, 1992 साली त्यांचा यावरचा लेख खूप गाजला होता. पुन्हा तपासलं तेव्हा डोळे स्थिर. पट्टा आईने तिथेच काढून पिशवीत टाकला.

सगळ्यांना एका वेळेत बरं वाटेल असं नाही, काहींना दोन-तीनदा करावं लागतं, आणि परतही येऊ शकतं, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं. आईचं तीन महिन्यांनी एकदा परत आलं होतं, पुन्हा एकदा केलं, गेलं. आणि कधी घाबरायचं तेही सांगितलं, चक्कर तासन्‌तास थांबतच नाहीये, सोबत बोलणं जड झालंय, दोन दोन दिसतंय, गिळता येत नाहीये किंवा आधाराशिवाय उभंच राहता येत नाहीये, तर ती कानाची समजायची नाही, ती स्ट्रोकसारखीच धरून पळायचं.

आईचे तळपायही जळजळतात. इथे त्यांनी एक स्टीलचा चिमटा काढला, शाळेत विज्ञानाच्या तासाला असायचा तसा ट्यूनिंग फोर्क, 128 हर्ट्‌झचा. वाजवून आईच्या पायाच्या अंगठ्याच्या हाडावर ठेवला आणि म्हणाल्या थरथर थांबली की सांगा. आई लगेच म्हणाली थांबली. मॅडमनी तोच फोर्क उचलून माझ्या मनगटाच्या हाडावर ठेवला, आणि तो चांगला थरथरत होता, किती तरी वेळ. आई माझ्याकडे बघत राहिली. तिला डायबेटीस आहे, मेटफॉर्मिन दहा-बारा वर्षं चालू आहे. मॅडम म्हणाल्या शुगरमुळे सगळ्यात लांब नसा आधी दुखावतात, म्हणून त्रास पायाच्या बोटांपासून सुरू होऊन मोज्यासारखा वर चढतो, दोन्ही पायांत सारखा. पण मेटफॉर्मिन खूप वर्षं घेतली की बी बाराही कमी होऊ शकतं आणि त्याने हुबेहूब हाच त्रास होतो, म्हणून सगळं शुगरवर ढकलायच्या आधी बी बारा तपासा. ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणारे आणि मांसाहार न करणारे, यांनीही. आईचं खरंच खूप कमी निघालं. इंजेक्शनं सुरू झाली, जळजळ पूर्ण गेली नाही पण रात्री पांघरूण पायाला लागलेलं सहन व्हायला लागलंय, आधी तेवढंही होत नव्हतं. पाय रोज बघायला सांगितलेत, तळव्याला जखम झाली तरी कळणार नाही म्हणून. ते काम आता मी करते.

नवऱ्याच्या डोकेदुखीचे प्रश्न मी त्याच्या वतीने विचारले. मॅडम म्हणाल्या त्यांना घेऊन यायला हवं, न बघता सांगणार नाही, पण माहिती देते. अर्धं डोकं ठणकतं, मळमळतं, उजेड आणि आवाज नकोसा होतो, 4 तासांपासून 72 तासांपर्यंत टिकतं, हे मायग्रेनसारखं. कितीतरी लोक याला सायनस नाहीतर चष्म्याचा नंबर समजून वर्षं काढतात. मी म्हटलं तो गोळी घेतो आणि बरं वाटतं. किती वेळा? मी बोटं मोजायला लागले, आठवड्यातून चार तरी दिवस. इथे त्यांनी पेन खाली ठेवलं. साध्या पेनकिलर महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, आणि मायग्रेनच्या खास गोळ्या किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्या महिन्यात 10 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं तर गोळ्यांमुळेच डोकेदुखी रोजची होऊन बसते. माझा विश्वास बसेना. नंतर नवऱ्याला नेलं तेव्हा त्यांनी त्याला डायरी दिली, कधी दुखलं, किती वेळ, कुठली गोळी. डायरीत पहिल्या महिन्यात 19 दिवस गोळी निघाली. त्याला स्वतःलाच आकडा बघून धक्का बसला. त्या गोळ्या बंद करताना पहिले दोन आठवडे घरात सगळ्यांनाच कठीण गेले, डोकं जास्त दुखलं, चिडचिड झाली, पण मॅडमनी आधीच सांगितलं होतं असं होणार म्हणून तग धरला. आता महिन्यातून तीन-चार दिवस दुखतं.

डोकेदुखीत ट्यूमर असतो का, हे सगळ्यांनाच विचारायचं असतं. फार क्वचित, म्हणाल्या. पण ज्या गोष्टी त्या हलक्यात घेत नाहीत त्या अशा, विजेसारखी मिनिटाभरात शिगेला पोचणारी आयुष्यातली सगळ्यात भयंकर डोकेदुखी, ताप आणि मान ताठ, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली नवी डोकेदुखी, खोकल्यावर किंवा आडवं झाल्यावर वाढणारी, आणि डोकेदुखीसोबत हातापायाची ताकद किंवा नजर कमी होणं. यातली पहिली, तापाची आणि ताकद-नजरेची असेल तर तडक इमर्जन्सी.

एमआरआयबद्दल मी जरा तक्रारीच्या सुरात विचारलं, माझा फुकट गेला का? त्यांनी आधीच्या डॉक्टरांबद्दल एक शब्द वाईट काढला नाही. एवढंच म्हणाल्या की एमआरआय फोटो आहे, तो रचना दाखवतो, मनगटात दबलेली नस मेंदूच्या फोटोत येणार नाही. मायग्रेनमध्ये एमआरआय नॉर्मलच असतो, फिटमध्येही कितीदा असतो, आणि उलट बाजूने, काही त्रास नसलेल्या माणसाचा काढला तरी वयाप्रमाणे छोटे पांढरे ठिपके वगैरे दिसतात आणि माणूस उगाच घाबरतो. सीटीसारखं रेडिएशन त्यात नसतं हे खरं, पण म्हणून प्रश्न न ठरवता काढायचा नाही.

बाकीचे प्रश्न भराभर झाले. डोळ्याची पापणी फडफडते, ती थकवा, कमी झोप, जास्त कॉफी यानं, आपोआप जाते, आठवडे टिकली किंवा अर्धा चेहराच ओढला जायला लागला तर दाखवा. झोप लागता लागता पडल्यासारखा दचका बसतो, तो नॉर्मल. विसरण्याबद्दल आईने विचारलं, नाव पटकन आठवत नाही पण नंतर आठवतं ते वयाचं चालतं, नेहमीचा रस्ता चुकणं, तोच प्रश्न दहा मिनिटांत पुन्हा पुन्हा, पैशाचे व्यवहार जमेनासे होणं हे दाखवायचं, आणि घाबरायच्या आधी थायरॉइड, बी बारा आणि डिप्रेशन बघायचं कारण ते बरं होतं.

सासऱ्यांचा हात थरथरतो त्यावर मात्र थांबल्या. कप उचलताना थरथरतो की मांडीवर नुसता ठेवलेला असताना? मला सांगता येईना. घरी जाऊन व्हिडिओ काढा म्हणाल्या, टीव्ही बघताना एक, पाणी पिताना एक, आणि चालताना एक, चालताना दोन्ही हात सारखे हलतात का ते दिसलं पाहिजे. काम करताना थरथरतो तो बहुतेक वेळा इसेन्शियल ट्रेमर, घराण्यातही असतो. निवांत असताना एका बाजूचा थरथरतो, सोबत हालचाल मंद, अक्षर बारीक होत जाणं, वास कमी येणं, तर पार्किन्सन तपासायचा. व्हिडिओत कप उचलतानाच थरथरत होता. नंतर प्रत्यक्ष बघून, कागदावर गोल गोल चकली काढून घेऊन मॅडमनी इसेन्शियल ट्रेमर सांगितलं, सासरे त्या रात्री कितीतरी दिवसांनी गाढ झोपले.

फिटचंही सांगते कारण ते सगळ्यांना माहीत हवं. आकडी आली की माणसाला दाबून धरायचं नाही, तोंडात काहीही घालायचं नाही, चमचा नाही बोट नाही, नाकाला काही हुंगायला द्यायचं नाही. आजूबाजूच्या वस्तू सरकवायच्या, डोक्याखाली मऊ काही द्यायचं, झटके थांबले की कुशीवर वळवायचं, आणि घड्याळ बघायचं. 5 मिनिटांच्या वर गेली किंवा शुद्ध यायच्या आत दुसरी आली तर ॲम्ब्युलन्स, पहिलीच फिट असेल तरी हॉस्पिटल. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख, नॉर्मल आला म्हणून फिटचा आजार नाही असं नसतं, तिथेही फिट बघणाऱ्या माणसाने काय पाहिलं तेच सगळ्यात महत्त्वाचं.

तक्रारी आहेत. वेटिंगचं सांगितलंच. मॅडम बोलतात भरपूर पण लिहून देत नाहीत, औषधांच्या चिठ्ठीवर नुसती औषधं, मी लिहून घेतलं नसतं तर अर्धं विसरले असते, आणि एकटा आलेला म्हातारा माणूस काय लिहून घेणार? त्यांनी एक छापील पान द्यायला हवं, मी त्यांना हे सांगितलं. रिपोर्ट आल्यावर फोनवर बोलता येत नाही, पुन्हा जावंच लागतं. आणि माझा झोपेचा प्रश्न, पाय रात्री वळवळतात त्याचा, त्यांनी घाईत आयर्न तपासा म्हणून संपवला, तोपर्यंत बाहेर खूप गर्दी झाली होती. आयर्न कमीच निघालं हा भाग वेगळा, पण तेवढं एक उत्तर मला अपुरं वाटलं.

जाणार असाल तर चालू औषधांची यादी, जुने रिपोर्ट, त्रास होतानाचा व्हिडिओ आणि ज्याने तो त्रास पाहिलाय ते माणूस, एवढं घेऊन जा. फिट किंवा बेशुद्धी असेल तर पेशंटला स्वतःला काही आठवत नसतं.

माझी एनसीव्ही झाली. त्यात छोटे छोटे करंट देतात, रबरबँड तटकन बसल्यासारखं लागतं, सहन होतं. दंडापासून मनगटापर्यंत सिग्नल व्यवस्थित वेगाने येत होता आणि मनगटातच मंदावत होता, टेक्निशियनने स्क्रीनवर दोन्ही हातांचे आलेख शेजारी लावून दाखवले. थायरॉइडही थोडं कमी निघालं, गोळी सुरू आहे. रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट सहा आठवडे लावला, पहिले चार-पाच दिवस झोपेत काढून फेकत होते, मग सवय झाली. तिसऱ्या आठवड्यानंतर एका सकाळी जाग आली ती गजराने, हाताने नाही. स्प्लिंट अजून उशीशेजारी असतो, कामाचा ताण पडला त्या रात्री लावते.